सार्वकालिक जीवनाची आशा आणि आयुष्याची ध्येये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीनंतरची शाखा, पहिली नोकरी, लग्न, परदेशी जाण्याची संधी, निवृत्ती अशा वळणांवर ख्रिस्ती घरांत काही प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात. उपासनेत आपण पुनरुत्थानाची व सार्वकालिक जीवनाची कबुली देतो, पण सोमवारी सकाळी निर्णय घेताना त्या कबुलीचे काय करायचे, हे पुष्कळांना उमगत नाही. पुढील उत्तरे पवित्र शास्त्राच्या आधारे दिली आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वाचकांनी ती एकत्र वाचावीत, अशी इच्छा आहे.

सार्वकालिक जीवनाची खात्री असेल, तर या थोड्या वर्षांसाठी ध्येये ठरवायचीच कशाला?

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पुनरुत्थानावर आहे. ख्रिस्त उठवला गेला, म्हणून आपणही उठवले जाऊ, मरण हा शेवटचा शत्रूही नाहीसा केला जाईल, असे सांगत सांगत तो प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत या वाक्यापाशी येतो. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते, ते पुष्कळ नंतर घातले गेले. म्हणून त्या वाक्यापाशी न थांबता पुढे वाचावे. लगेच पुढचा विषय यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठीच्या वर्गणीचा आहे. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे पौल आल्यावर ऐनवेळी गोळा करावे लागणार नाही, अशी सूचना आहे. त्यानंतर तो स्वतःचा प्रवास सांगतो : पेन्टेकॉस्टपर्यंत इफिसात राहणार, मग मासेदोनियातून येणार, जमल्यास हिवाळा करिंथात काढणार.

पुनरुत्थानावर सर्वांत ठामपणे लिहिणारा माणूस त्याच लेखणीने हिवाळ्याचा बेत लिहितो, यात मला काहीच विसंगत वाटत नाही. उलट, मरणाने सारेच पुसून टाकले जाणार असते, तर यरुशलेमेतील कोण्या अनोळखी विधवेसाठी दर आठवड्याला पैसे बाजूला ठेवण्याचा आग्रह कितपत टिकला असता? आशा बळकट आहे म्हणूनच बारीकसारीक आखणीला वजन येते. थेस्सलनीकातील काही जणांनी मात्र कामधंदा सोडून दिला होता. त्यांना पौलाने स्पष्ट शब्दांत लिहिले की, शांतपणे काम करावे आणि स्वतःची भाकर खावी.

चांगली ध्येये गाठल्याने सार्वकालिक जीवन मिळते का?

नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याचा क्रम अगदी स्पष्ट आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचे दान म्हणून मिळते, आणि त्या दानामुळे आपण सत्कृत्ये करण्यास मोकळे होतो. ही सत्कृत्येही देवाने आधीच योजून ठेवलेली आहेत. या विषयावरून पाश्चात्त्य मंडळी सोळाव्या शतकात दुभंगली, आणि त्याच विषयावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक संघटना व कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपण आपल्या गुणांमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देवाला स्वीकारार्ह ठरतो, हे त्यात दोघांनी मिळून मान्य केले आहे. इतर मतभेद उरले आहेत, पण हा पाया सामायिक आहे.

व्यवहारात याचा फार उपयोग होतो. एखादे ध्येय हुकले की दुःख होणे स्वाभाविक आहे. परंतु ते हुकल्यावर ‘आता मी कशाच्याच लायकीचा राहिलो नाही’ असे वाटू लागले, तर त्या ध्येयाकडून आपण तारणाची अपेक्षा करीत होतो, असे समजावे. परीक्षेच्या निकालाने किंवा बढतीने आपल्याला नीतिमान ठरवायचे नसते. ते काम ख्रिस्ताने पूर्ण केले आहे, म्हणून निकालाकडे निकाल एवढ्याच दृष्टीने पाहता येते.

सार्वकालिक जीवन म्हणजे केवळ मरणानंतरचे जीवन का?

योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, जो त्याचे वचन ऐकतो व त्याला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, तो मरणातून जीवनात पार गेलाच आहे (५:२४), आणि एकाच खऱ्या देवाला व येशू ख्रिस्ताला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन आहे (१७:३). ही ओळख आज सुरू होते व पुढे कधी तुटत नाही. त्यामुळे एखादे ध्येय ठरवताना ‘यामुळे मला देवाची ओळख वाढवायला सवड राहील का’ हा प्रश्न पगाराइतक्याच गांभीर्याने विचारावा.

देवाची माझ्याविषयीची इच्छा मी कशी ओळखावी?

देवाच्या इच्छेचा मोठा भाग आधीच सांगितलेला आहे, आणि आपण बहुधा न सांगितलेल्या छोट्या भागासाठीच रात्र रात्र तळमळतो. नीतीने वागावे, दयेची आवड धरावी, देवासमोर नम्रपणे चालावे, हे मीखा संदेष्ट्याने सांगितले आहे. पवित्रता ही देवाची इच्छा आहे, असे पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिले आहे. अभियांत्रिकी की वाणिज्य, पुणे की टोरांटो, हे शास्त्रात शोधू नये. डोळे मिटून शास्त्र उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी आहे असे मानायचे, ही पद्धत काही घरांत अजून चालते. ती सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

ज्या दोन वाटा दोन्ही चांगल्या आहेत, त्यांच्यात निवड करण्यासाठी सोळाव्या शतकातील संत इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात घालून दिलेली रीत आजही उपयोगी पडते. आधी मन दोन्ही वाटांविषयी मोकळे करावे, म्हणजे देवाची सेवा जिच्यात अधिक होईल ती वाट पत्करण्याची तयारी ठेवावी. मग तीन गोष्टी डोळ्यांसमोर आणाव्यात. पूर्वी कधी न पाहिलेला एखादा माणूस हाच पेच घेऊन माझ्याकडे आला, तर त्याच्या भल्यासाठी मी त्याला काय सांगेन? मरणाच्या घटकेला मी कोणती निवड केलेली असावी, असे मला वाटेल? न्यायाच्या दिवशी ख्रिस्तासमोर उभे राहताना कोणती? इथे सार्वकालिक जीवनाची आशा प्रत्यक्ष निर्णयाला उपयोगी पडते, कारण उद्याचा दिवस आजच्या निवडीकडे पाहू लागतो आणि लोक काय म्हणतील ही भीती मागे सरते.

याच्या जोडीला मंडळीतील दोन-तीन जाणत्या, स्वतःचा स्वार्थ नसलेल्या माणसांचा सल्ला घ्यावा. मात्र ‘प्रभूने मला तुझ्याविषयी दाखवले आहे’ असे सांगून कोणी तुमचे लग्न, नोकरी किंवा जमीनजुमला ठरवू लागला, तर त्याचे ऐकून तातडीने काहीही करू नये. सर्व गोष्टींची पारख करा, हेही पौलानेच सांगितले आहे.

शिक्षण, नोकरी, घर ही ऐहिक ध्येये सेवाकार्यापेक्षा हलकी आहेत का?

हलकी नाहीत. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, ही कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातील आज्ञा प्रथम दासांना उद्देशून होती. ज्यांना आपले काम निवडण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या कष्टांना जर प्रभूची सेवा म्हटले आहे, तर बँकेतील, शाळेतील, शेतातील व घरातील कामाला दुय्यम म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हा शस्त्रक्रिया नीट होणे हा त्यांच्या सेवेचाच भाग होता. पाळकपणासाठी पाचारण झालेल्यांना मान द्यावा, पण बाकीच्यांनी आपण उरलेल्या वर्गातले आहोत असे मानू नये.

प्रार्थना करून ठरवलेली वाट बंद झाली, तर ती देवाची इच्छा नव्हती असे समजायचे का?

याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. पौलाने रोमकरांस कळवले होते की, तुमच्याकडे यावे असे पुष्कळदा योजले, पण अडथळा आला. रोमहून स्पेनला जाण्याचा त्याचा बेत होता. तो रोमला पोहोचला तो कैदी म्हणून. त्याआधी आशिया प्रांतात व बिथुनियात जाण्यास मनाई झाली, तेव्हा त्रोवस येथे मासेदोनियाचा दृष्टान्त झाला आणि सुवार्ता युरोपच्या भूमीवर पोहोचली. करिंथकरांनी तर बेत बदलल्याबद्दल त्याला चंचल ठरवले होते, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी दुसऱ्या पत्रात त्याला बरीच जागा खर्च करावी लागली. प्रत्येक बंद वाटेचा अर्थ त्याने तिथल्या तिथे लावलेला दिसत नाही.

आपल्या मराठी भूमीत पंडिता रमाबाईंचे आयुष्य या प्रश्नासाठी सावकाश वाचण्याजोगे आहे. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने. परंतु श्रवणदोषामुळे ती वाट बंद झाली. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्या अमेरिकेस गेल्या, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, ते पुढच्या वर्षी पुण्यास नेले. सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून त्यांनी केडगावजवळ फळबागेसाठी जमीन घेतली. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या, आणि बागेसाठी घेतलेली ती जमीन ‘मुक्ती’ या निराधार स्त्रियांच्या आश्रमाची भूमी झाली. डॉक्टर होण्याचे ध्येय चुकीचे होते, असे यावरून म्हणता येणार नाही. निराधार स्त्रियांची सेवा हा हेतू पहिल्यापासून होता, साधन बदलले. म्हणून ध्येय लिहिताना हेतू आणि साधन वेगवेगळे लिहावेत. हेतू घट्ट धरावा आणि साधनापुढे याकोबाच्या पत्रातील ‘प्रभूची इच्छा असल्यास’ हे शब्द मनापासून जोडावेत.

एक सावधगिरीही हवी. वाट बंद झालेल्या माणसाला ‘देवाने याहून चांगले ठेवले असेल’ असे लगेच सांगू नये. ते खरे असले, तरी ते त्याला स्वतःला दिसू द्यावे.

माझे ध्येय आणि घरच्यांची इच्छा यांत विरोध आला तर?

शास्त्र इथे दोन्ही बाजूंनी कठोर बोलते. जो माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, असे येशू म्हणतो, आणि हे मी देवाला अर्पण केले आहे असे सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांनाही तोच झापतो. वधस्तंभावरून त्याने आपल्या आईची जबाबदारी शिष्यावर सोपवली. घरच्यांची काळजी न घेणारा मनुष्य विश्वास नाकारलेला आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर त्यामुळे आकाश कोसळले. पुढची काही वर्षे पती-पत्नी वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी पुढे आठवणी लिहिल्या, त्यांत हे दुःख त्यांनी झाकलेले नाही, आणि आपणही टिळकांच्या कवित्वाच्या आदरापोटी ते झाकू नये. त्या पुढे अहमदनगरला त्यांच्याकडे राहायला आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. विचार करकरून, स्वतःच्या पायांनी त्या विश्वासापर्यंत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते या कथेतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ती वाट पाहणे. ज्याला स्वतःला कृपेने बोलावले गेले आहे, त्याने घरच्यांना फरफटत नेण्याचे कारण नाही. आपला निर्णय त्यांना इतर कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावा, त्यांचा राग ऐकून घ्यावा, आणि पैशांची व आजारपणाची जबाबदारी निर्णयानंतरही तशीच उचलत राहावे.

पैशांचे ध्येय किती ठेवावे?

आकडा शास्त्र सांगत नाही. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवानाला मूढ म्हटले आहे. पीक चांगले आले किंवा त्याने मोठी कोठारे बांधायची ठरवली, हा त्याचा दोष नव्हता. त्याच्या साऱ्या आखणीत त्याच्याखेरीज दुसरा माणूसच नाही, आणि मरणाचाही विचार नाही. कर्ज फेडणे, मुलांचे शिक्षण, आजारपणाची व म्हातारपणाची तरतूद ही ध्येये योग्यच आहेत, पण त्यांच्याबरोबरीने दानाचा आकडाही आधी लिहावा, उरल्यावर नव्हे. जुन्या करारातील दशमांश हा पुष्कळ मंडळ्यांत धरला जाणारा दंडक आहे, तर नव्या करारात मनात ठरवल्याप्रमाणे, संतोषाने देण्यावर भर आहे. अमुक रक्कम द्या म्हणजे देव ती दहापट करून परत देईल, असे जो शिकवतो तो आशेचा व्यापार करतो. त्याच्यापासून दूर राहावे.

‘यंदा इतक्या लोकांना ख्रिस्ताकडे आणीन’ असे ध्येय ठेवावे का?

ठेवू नये. वाढवणारा देव आहे, असे पौल सांगतो, आणि माणसांचा आकडा धरला की शेजारी शेजारी राहत नाही. तुमच्या आशेविषयी कोणी विचारल्यास सौम्यतेने व आदराने उत्तर द्यायला सिद्ध असा, ही पेत्राची आज्ञा आहे. विचारावेसे वाटेल असे जगणे, हे पुरेसे मोठे ध्येय आहे.

मला मरणानंतरच्या जीवनाची पुरती खात्री वाटत नाही. मग मी त्या आशेवर ध्येये कशी उभारू?

शंका लपवून उभारू नका. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ अशी विनवणी करणाऱ्या बापाचा मुलगा येशूने बरा केला, त्या बापाची शंका मिटेपर्यंत तो थांबला नाही. पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला प्रभूने हाकलून दिले नाही. पंडिता रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना ख्रिस्त वैयक्तिक तारणारा म्हणून गवसला, आणि त्याआधीच शारदा सदनाचे काम सुरू झाले होते. शंका असतानाही प्रामाणिकपणे करता येतील अशी ध्येये घ्यावीत : रोज शुभवर्तमानाचा एक भाग वाचणे, आठवड्यातून एकदा आजाऱ्याला भेटणे, उपासना न चुकवणे. आपल्या पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे, आणि ते प्रश्नांनाच घाबरत असतील, तर घाबरत नाही असा कोणी शोधावा.

जवळचे माणूस गेल्यावर सारीच ध्येये निरर्थक वाटतात. हा विश्वासाचा अभाव आहे का?

नाही. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका, असे पौल म्हणतो, शोकच करू नका असे म्हणत नाही. पहिल्या काही महिन्यांत नवी ध्येये ठरवू नयेत, मोठे निर्णय पुढे ढकलता येत असतील तर ढकलावेत, आणि रोजच्या कामांपैकी एखादे तेवढे धरून ठेवावे. रमाबाईंची कन्या मनोरमा १९२१ मध्ये वारली, आणि त्यानंतर त्यांना स्वतःला एक वर्षही मिळाले नाही. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी हाती घेतलेले पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीतील भाषांतर त्या काळातही चालू होते. प्रत्येकाला इतके बळ असेलच असे नाही, आणि त्याचा अपराधीपणा वाटून घेऊ नये. झोप, भूक हरपली, जगणेच नकोसे वाटू लागले, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांचीही मदत विनासंकोच घ्यावी.

ध्येये लिहून ठेवावीत का, आणि त्यांची उजळणी कशी करावी?

लिहावीत. अमेरिकेतील जोनाथन एडवर्ड्स या तरुणाने १७२२-२३ या काळात विशीच्या आसपास असताना सत्तर निश्चय लिहून काढले. देवाच्या साहाय्याखेरीज मला काहीच करता येणार नाही, असे त्याने आरंभीच नमूद केले आणि ते दर आठवड्याला वाचण्याचे स्वतःला बजावले. आयुष्याची शेवटची घटका असती तर जे करायला मी भ्यालो असतो ते कधीच करायचे नाही, असा त्यातला एक निश्चय आहे. सत्तर निश्चय बहुतेकांना झेपणार नाहीत. देवाशी नाते, घर, काम आणि गरजू शेजारी या चार बाबतींत एकेक ध्येय पुरे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाकडे एकदा मागे वळून पाहावे, आधी उपकार मानावेत, मग चुकलेले कबूल करावे. वर्षअखेरीच्या उपासनेला जाण्यापूर्वी नव्वदावे स्तोत्र वाचून वर्षाची ध्येये तपासावीत, कारण आपले दिवस गणण्यास शिकव, ही त्यातली विनंती नेमकी याच कामाची आहे.

वय झाले आहे, आणि पुष्कळ काही अपुरे राहणार आहे. त्याचे काय करावे?

टिळकांनी १९१७ च्या सुमारास, पंचावन्न वर्षे उलटल्यावर, मिशनची नोकरी व पगार सोडून नव्या कामाला हात घातला, आणि मे १९१९ मध्ये ते वारले. ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे महाकाव्य अर्धवट राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. अपुरे राहणार हे गृहीत धरून काम सोपवण्याची तयारी करणे, हेच उतारवयातील एक मोठे ध्येय आहे. मंडळीचे हिशेब, कागदपत्रे, कोणत्या कुटुंबाला दरमहा काय पोहोचवायचे, कोणाची फी भरायची, हे एका वहीत लिहावे आणि ते पुढे चालवू शकेल अशा तरुण माणसाला आतापासून बरोबर घ्यावे. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याला निरोप धाडावा, कोणाचे देणे असेल तर ते चुकते करावे. मृत्युपत्र करणे अशुभ मानून ते टाळू नये. ते दोन साक्षीदारांसमोर सही करून ठेवावे आणि कुठे ठेवले आहे हे घरात सांगावे.